आईची यादी

मागच्या महिन्यात एकदा रात्री साडेदहाला फोन वाजला. आमच्या वयात रात्रीच्या फोनची धास्ती वाटते. फोन भाचीचा होता, धाकट्या भावाच्या मुलीचा. "आत्या, पप्पांना ॲडमिट केलंय. छातीत दुखत होतं. उद्या ॲंजिओप्लास्टी आहे. प्रार्थना कर."

"करते गं," मी म्हटलं. आता ती फोन ठेवेल असं वाटलं, पण ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आत्या, एक विचारू? रागावू नकोस. प्रार्थनेनं नक्की काय होतं गं? डॉक्टर त्यांचं काम करणारच आहेत. देवाला सगळं ठाऊकच आहे. मग आपण त्याला सांगायचं ते कशासाठी?"

पस्तीस वर्षं मी इथे विंचूरला शाळेत मराठी शिकवलं. मुलांनी काहीही विचारलं तरी वर्गात मी कधी अडले नाही. त्या रात्री मात्र अडले. "उद्या बोलू," म्हणून फोन ठेवला. उद्या काही बोलणं झालं नाही. म्हणून तिच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही बाकीचेही वाचा. नात्यातल्या बऱ्याच जणांना यातलं निम्मं ठाऊक आहे, उरलेलं निम्मं आज सांगते.

आधी मास्तरीण म्हणून एक गोष्ट सांगू द्या. 'प्रार्थना' हा शब्द 'प्र' आणि 'अर्थ्' यांपासून झाला. अर्थ् म्हणजे मागणे, याचना करणे. म्हणजे प्रार्थनेच्या पोटातच मागणं आहे. आपण ख्रिस्ती लोक रविवारी देवळात जातो त्याला मात्र 'उपासना' म्हणतो. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणे. उपासना म्हणजे जवळ जाऊन बसणं. हे दोन शब्द मी फळ्यावर कितीतरी वेळा फोडून दाखवले असतील. पण मागणं आणि जवळ बसणं यांचा एकमेकांशी काय संबंध, ते कळायला मला साठी ओलांडावी लागली.

आमचं माहेर नगर जिल्ह्यातलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय.) वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आई चौथी शिकलेली. रोज संध्याकाळी दिवे लागले की घरात प्रार्थना व्हायची. कंदील मध्ये, आम्ही भोवती. वडील शास्त्रपाठ वाचत, मग एखादं गीत, बहुतेक वेळा रेव्हरंड टिळकांचं. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, त्यामुळे आईला ती गाणी फार जवळची. दिवसा तांदूळ निवडतानाही तीच चालू असायची. मला तर कितीतरी दिवस वाटायचं, टिळक आमचे कुणीतरी पाहुणे असावेत.

गीतानंतर प्रार्थना आईची. वडिलांची प्रार्थना नीट, व्याकरणशुद्ध. आईची म्हणजे नुसती नावं. एकेक नाव घ्यायची आणि प्रत्येकापुढे एखादं वाक्य. अमक्याचा पाय बरा होऊ दे. तमकीला दिवस गेलेत, तिला सांभाळ. दूधवाल्याची म्हैस आटली आहे. बांगडीवालीचा मुलगा मुंबईला गेला, त्याचं पत्र येऊ दे. ज्या शेजारणीशी सकाळी नळावर भांडण झालं, तिचंही नाव संध्याकाळी यायचंच. आम्हा भावंडांना हसू आवरायचं नाही. वडील डोळे मिटूनच आमच्या मांडीवर चापट मारायचे.

तेव्हा वाटायचं, ही देवापुढे किराणा मालाची यादी वाचते आहे.

लग्न होऊन मी विंचूरला आले. हे पोस्टात होते. गावात ख्रिस्ती घरं अगदी मोजकी. मोठ्या सणाला उपासनेसाठी नाशिक गाठायचं, एरवी घरातच. शेजारी सगळे शेतकरी, नाहीतर कांद्याच्या व्यापारातले. कांद्याच्या दिवसांत उपबाजाराकडे ट्रॅक्टरची रांग लागली की शाळेत पोरं कमी यायची. इथे राहून एक गोष्ट शिकले. माणसं देवाकडे उलटसुलट मागतात! फेब्रुवारीत द्राक्षाचे घड तयार असतात, तेव्हा बागायतदार हात जोडतो की पाऊस नको. त्याच्याच बांधापलीकडच्याची विहीर आटलेली असते, त्याला दोन सरी हव्या असतात. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली, तेव्हा निफाड तालुक्यातल्या बागा झोडपून निघाल्या. मागणाऱ्यांत चांगली माणसं नव्हती का? होती. सगळ्या देवांना मागून झालं होतं. गारा पडायच्या त्या पडल्याच.

म्हणजे भाचीबाई, तुझा प्रश्न मला नवा नाही. गारपिटीनंतर शेजारच्या अण्णांनी मला हेच विचारलं होतं, "बाई, तुमचा देव काय म्हणतो?" मी गप्प बसले होते.

आता माझ्या घरचं सांगते.

वडील १९९९ साली गेले. मागे एक घर आणि थोडी जिरायती जमीन. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात आईचा एक तृतीयांश वाटा आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे. हे पुष्कळ ख्रिस्ती बायकांनाही ठाऊक नसतं म्हणून सांगितलं. भाऊ म्हणाला, "ताई, तू तिकडे सुखात आहेस. हक्कसोड करून दे. आई आहे तोवर घराला हात लावणार नाही." आम्ही रजिस्ट्रार कचेरीत गेलो, आईनं सही केली, मीही केली. मला वाईट वाटलं नव्हतं. पेढे घेऊन घरी आले होते.

२००३ साली घर विकलं गेलं. मला कळलं ते दुसऱ्यांकडून. चार दिवसांनी आई दोन ट्रंका घेऊन विंचूरला उतरली. "तुझ्याकडे राहायला आले गं, हवापालट," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून भावाशी माझं बोलणं बंद. पैशाचं दुःख नव्हतं. शब्दाचं होतं. जिथे आम्ही कंदिलाभोवती बसलो ते घर, आणि मला साधं विचारलंही नाही! नाताळात तो आईला भेटायला यायचा, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची. चहा हे नेऊन द्यायचे.

आई नऊ वर्षं माझ्याकडे राहिली. रोज संध्याकाळी तिची यादी चालू. आता विंचूरची नावंही त्यात आली होती, शेजारच्या अण्णांपासून भाजीवालीपर्यंत. आणि पहिलं नाव रोज त्याचं. माझ्या समोर, माझ्या घरात, रोज. मी डोळे मिटून बसायचे आणि त्या नावाशी मनातल्या मनात कान बंद करायचे. शेवटी आमेन म्हणायचे, ते बाकीच्यांसाठी.

२०१२ साली आई गेली. घरातली प्रार्थना माझ्याकडे आली. पहिल्या संध्याकाळी मी नावं घेतली आणि त्याचं नाव गाळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. निदान मला तसं वाटलं. ह्यांच्या लक्षात आलं असणार, पण हे कमी बोलायचे.

पुढे ह्यांची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. विंचूर ते नाशिक पन्नासेक किलोमीटर, पहाटे निघायचं आणि रात्री परत. चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत मी जेवढी प्रार्थना केली तेवढी उभ्या आयुष्यात केली नसेल. गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेत. शेजारच्या काकूंनी देवीला नवस बोलला. समोरच्या भाभींनी दुवा मागितली. कुणीतरी म्हणालं, नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाऊन या. दर फेब्रुवारीत तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात. आम्ही प्रोटेस्टंट, नवसबिवस आमच्यात नाही, असं मी एरवी ठसक्यात सांगते. पण खरं सांगू? मीही मनातल्या मनात नवसच बोलत होते. ह्यांना बरं कर, मी अमुक करीन. ह्यांना बरं कर, मी तमुक सोडीन. काकूंचा नवस नारळाचा होता, माझा शहाणपणाच्या भाषेतला, एवढाच फरक.

एकदाही मात्र मनात आलं नाही की भावाचं नाव घेईन. सोडायच्या गोष्टींच्या यादीत ते नव्हतंच!

२०१६ च्या पावसाळ्यात हे गेले.

यानंतर लोक जे बोलतात ते सगळं मी ऐकलं. देवाची इच्छा. देवाकडे याहून चांगली योजना असेल. प्रार्थनेचं उत्तर 'नाही' असंही असतं. बोलणारे मायेनं बोलत होते, त्यांना दोष नाही. प्रार्थना परिस्थिती बदलत नाही, प्रार्थना करणाऱ्याला बदलते, असं मी स्वतःही महिला मंडळात भाषण करून आले होते. आता मला ते खोटं वाटायला लागलं. मी कुठे बदलले होते? चौदा महिने प्रार्थना करून मी फक्त दमले होते.

त्या दिवसांत शुभवर्तमान उघडलं की गेथशेमाने बागेशीच अडायचे. तिथे प्रभू तीनदा तेच मागतो. पौलही अंगातला काटा काढ म्हणून तीनदाच मागतो. दोघांनाही मागितलं ते मिळालं नाही. म्हणजे मागणं चुकीचं नव्हतं. जो देवाच्या सगळ्यांत जवळचा, त्यानं मागितलं, अगदी घाम गाळून मागितलं, आणि शेवटी निर्णय बापावर सोपवला. मागितलं नसतं तर सोपवायला हातात काय होतं?

पंडिता रमाबाईंची आठवण व्हायची. केडगावच्या मुक्तीत प्रार्थना म्हणजे रोजच्या भाकरीइतकी. एवढं प्रार्थनेचं घर, आणि तरी जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ज्या मुलीच्या हाती सगळं काम सोपवायचं ती आधी गेली. रमाबाई बायबलाचं मराठी भाषांतर करत होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून बसलेल्या. मुलगी गेल्यावरही त्यांनी ते काम खाली ठेवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्यांना उत्तर मिळालं होतं की नव्हतं, ते मी कोण सांगणार? पण त्यांनी देवाशी अबोला धरला नाही एवढं दिसतं.

अबोला. हा शब्द मनात आला आणि मी दचकले. देवाशी अबोला धरायचा नाही हे मला पटत होतं. माणसाशी मात्र तेरा वर्षं धरून बसले होते.

ह्यांना आम्ही नाशिकला मूठमाती दिली. पाळक प्रार्थना म्हणत होते आणि माझ्या मनात येत होतं, आता ही कशासाठी? आता काय मागायचं राहिलं? शरणपूर आता ऐन शहरात आलंय, तिथून जाताना मला एक जुनी हकीकत नेहमी आठवते, ती त्या दिवशीही आठवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनमध्ये आणून ठेवत, शिकवत. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेत, आताच्या झांबियात, वारले. सकाळी सोबत्यांनी पाहिलं तर खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत. सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनाची प्रार्थना कुणी वाचली? आपल्या नाशिकला शिकलेल्या जेकबनं. झाडावर नावही त्यानंच कोरलं. मग सगळ्यांनी तो देह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता.

आईबापांपासून तोडलेलं ते पोर. रानात, मेलेल्या माणसापाशी पुस्तक उघडून प्रार्थना वाचतं. त्या प्रार्थनेनं लिव्हिंगस्टन उठणार नव्हते. तरी ती वाचायची होती, कारण त्या माणसाला तसंच टाकून जायचं नव्हतं. जवळ बसणं म्हणतात ते हेच असावं. ह्यांच्या मातीपाशी मला एवढं कळलं. पण अजून निम्मंच.

भाऊ आला होता त्या दिवशी. सगळ्यांच्या मागे उभा होता. 'सलाम' केला, मी मान हलवली. न जेवताच गेला.

उरलेलं निम्मं कळलं ते २०१८ च्या मे महिन्यात, आणि ते एका नऊ वर्षांच्या पोरीमुळे. नात सुट्टीला आली होती. उन्हात बाहेर जाता येईना, म्हणून माझं कपाट उपसत बसली. आईचं जुनं बायबल तिच्या हाती लागलं. पाठीमागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. आईची यादी! ती लिहून ठेवायची हे मला ठाऊकच नव्हतं. वाकडीतिकडी अक्षरं, आधी माहेरच्या गावची नावं, मग विंचूरची. जी माणसं वारली त्यांच्या नावापुढे छोटासा क्रूस. खोडलेलं मात्र एकही नाव नाही. तो दूधवाला होता, बांगडीवाली होती, नळावरची शेजारीण होती.

नात एकेक नाव मोठ्यानं वाचत होती. पहिलंच नाव वाचलं आणि म्हणाली, "आजी, हे कोण? तू रात्री सगळ्यांची नावं घेतेस, यांचं नाही घेत."

"तुझ्या आईचे मामा," मी म्हटलं.

"ते वारले का?"

"नाही."

"पण मग क्रूस नाही, आणि तू नावही घेत नाहीस. ते आहेत तरी कुठे?"

लेकरानं सहज विचारलं. पण मला तो प्रश्न दुसऱ्याच आवाजात ऐकू आला. बायबलातल्या पहिल्या दोन भावांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. हाबेलाला मारून काइन उभा आहे, आणि देव त्याला आधी हेच विचारतो की तुझा भाऊ कुठे आहे. काइन हात झटकतो. मी तरी काय वेगळं करत होते? मी कुणाला मारलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी देवापुढे बसून एका जिवंत माणसाचं नाव गाळत होते. आईनं मेलेल्यांनाही खोडलं नव्हतं.

त्या रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना पहिल्यांदा व्याकरणाच्या नजरेनं पाहिली. हसू नका, सवय जात नाही. त्या सबंध प्रार्थनेत 'मी' नाही, 'माझं' नाही. बापाला हाक मारायची तीही 'आमच्या' म्हणून. भाकर मागायची ती 'आमची'. आणि क्षमेच्या जागी मत्तयाच्या मराठीत शब्द आहे 'ऋण'. पाप नव्हे, ऋण. दुसऱ्याचं आपण सोडलं तसं देवानं आपलं सोडावं. रजिस्ट्रार कचेरीत मी हक्क सोडला होता, सहीशिक्क्यासह. ऋण मात्र एक पैचंही सोडलं नव्हतं. रोज व्याज मोजत होते.

प्रभूनं हेही सांगून ठेवलंय की देवाला अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाकडे जा. हा उतारा मी लहानपणी पाठ करून बक्षीस मिळवलं होतं! गंमत बघा, तिथे चूक कुणाची ते विचारलेलंच नाही.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी त्याचं नाव घेतलं. फार काही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. कोरडं नाव घेतलं, हजेरीपटावर घेतात तसं. पुढे वाक्य सुचेना. आई प्रत्येक नावापुढे एक वाक्य बोलायची, मला त्याच्याबद्दल एकही वाक्य येईना. कारण त्याचं काय चाललंय हेच मला माहीत नव्हतं. गुडघे दुखतात का? मुलीचं शिक्षण संपलं का? मागायचं तर काय मागायचं? आठ-दहा दिवस नुसतं नाव घेतलं. मग एका सकाळी फोन केला. प्रार्थनेत घालायला एक वाक्य हवं होतं म्हणून केला, असं म्हटलं तरी चालेल.

तो फोनवर पहिल्यांदा काय म्हणाला? "ताई, तुझे गुडघे कसे आहेत?"

घराचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढे २०२० च्या टाळेबंदीत सगळे घरात कोंडलेले असताना एकदा तो आपणहून बोलला. सोसायटीचं कर्ज होतं, वसुलीची नोटीस आली होती, आणि मला सांगायची लाज वाटली म्हणाला. "मी चुकलो" असं तो आजही म्हणालेला नाही. मी पूर्वी मनात मागत असे की त्याला त्याची चूक कळू दे. ती कळली की नाही, मला सांगता येणार नाही. आणि घर विकलं ते बरोबर झालं, असं मीही म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. ज्या बहिणींना हक्कसोडीचे कागद पुढे केले जातात त्यांना तर मी स्पष्ट सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. देवापुढे ऋण सोडणं वेगळं आणि कुणाचा वाटा गिळणं वेगळं. प्रार्थनेच्या नावाखाली दुसरं झाकू नये.

आता भाचीबाई, तुझं उत्तर.

त्या रात्री तुझा फोन ठेवल्यावर मी आईचं बायबल घेऊन बसले. पहिलं नाव घेतलं. या वेळी वाक्य शोधावं लागलं नाही. मागितलं, अगदी पदर पसरून मागितलं. याला वाचव. नवसाची भाषा पुन्हा तोंडात आली, ती येऊ दिली. बापापुढे लेकरानं आधी भाषा सुधारून यावं असं नसतं.

तुझे पप्पा वाचले. प्रार्थनेमुळे वाचले का? मी तसं म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुझे मामा प्रार्थना कमी पडल्यामुळे गेले असं म्हणावं लागेल, आणि ते मी कधीही म्हणणार नाही. दोन्ही वेळी मागणं तेच होतं. एक राहिला, एक गेले. यातला हिशेब मला येत नाही.

पण मला एवढं कळलंय. आपण काही मागायला म्हणून देवाजवळ जातो. मागायचं निमित्त नसतं तर गेलोच नसतो, म्हणून मागणं हवंच. आणि जवळ जाऊन बसलो की तो विचारतो, एकटीच आलीस? बाकीचे कुठे आहेत? तो आपल्या एकट्याचा बाप नाही, ही त्यातली अडचण आहे. त्याला सगळं ठाऊक आहे हे तू म्हणतेस ते खरं. आपण नावं घ्यायची ती त्याला माहिती पुरवायला नव्हे. ती माणसं आपल्या हातून सुटू नयेत म्हणून. प्रार्थना नसती तर तुझ्या पप्पांच्या ॲंजिओप्लास्टीची बातमी मला चार दिवसांनी, दुसऱ्या कुणाकडून कळली असती. घर विकल्याची कळली होती तशी. आणि मी "हं" म्हणून भाजी निवडत बसले असते.

त्या रात्री मी भाजी निवडत बसले नाही, रडत बसले होते. माझ्या लेखी प्रार्थनेनं एवढं झालं.

हे लिहायच्या आधी भावाला फोन केला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची तर विचारायला हवं. तो अजून दम लागून लागून बोलतो. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "लिही ताई. पण घर कितीला गेलं ते लिहू नकोस, लोक हसतील."

तेव्हा ते लिहिलेलं नाही.

आईच्या यादीखाली अजून थोडी जागा आहे. नातीनं मागच्या सुट्टीत तिथे दोन नावं लिहिली, एक तिच्या मैत्रिणीचं आणि एक वर्गात तिला त्रास देणाऱ्या मुलाचं. पेन्सिलीनंच लिहिली. तुमच्या घरी संध्याकाळी कुणाकुणाची नावं घेतली जातात, आणि कुणाचं राहून गेलंय का, ते एकदा आठवून बघा. मला कळवलंत तर आनंद वाटेल. नाही कळवलंत तरी चालेल.

सगळ्यांना सलाम.